गुरुवारचा काकरा

पारादीपजवळच्या आमच्या बालिसाही गावात एखादं पोर अंधारात परसाकडे जायला घाबरलं, की त्याला विचारतात, "काय रे, निशामणीची शिकवणी लावलीस वाटतं?" ही चेष्टा मी काढली. आधीच कबूल करतो, नाहीतर गावातलं कुणीतरी तिखटमीठ लावून सांगेल, आणि तिखटमीठ लावायचा मान माझा आहे.

निशामणी जेना माझी शेजारीण. तिचा नवरा गावकीच्या नात्याने माझा थोरला भाऊ, म्हणून ती माझी भाऊज. ती लग्न होऊन आली तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा होतो, नाक पुसायचीही अक्कल नव्हती. त्यामुळे आज माझ्या मिशा पिकल्या तरी ती मला 'गदेई' या घरच्या नावानेच हाक मारते आणि अरेतुरे करते. तिचं परसू आणि माझा पानमळा यांच्यामध्ये बांबूच्या कामट्यांचं कुंपण आहे. कुंपणाला भोकं आहेत. ती मी पाडलेली नाहीत, पण बुजवलेलीही नाहीत.

भाऊज भिते म्हणजे किती भिते? पखाळ खायला बसली तर रस्त्याकडे पाठ करून बसते. पाणीभातच तो, त्याच्याबरोबर भाजलेली सुकट आणि एक हिरवी मिरची. पण येणाऱ्याजाणाऱ्याची नजर ताटात पडली तर पोटात दुखतं, हे तिचं ठाम मत. उडदाच्या वड्या छपरावर वाळत घातल्या की स्वतः छत्री घेऊन शेजारी बसते. मी एकदा विचारलं, "भाऊज, ढग आला तर काय छत्रीने हाकलणार?" तर म्हणाली, "तुझी जीभ हाकलायला आणलीय." अनारशासारख्या अरिशाचा गुळाचा पाक ती पाण्यात थेंब टाकून सात वेळा तपासते. गोड छेना सालवृक्षाच्या पानात गुंडाळून निखाऱ्यांत ठेवला की आतून कच्चा राहील या धास्तीने उघडतच नाही. वरची साल पार काळीकुट्ट होते, तेव्हा कुठे धीर करून पान सोडते. आणि ती काळी साल चाखायला कुजंगहून माणसं येतात! मी तर म्हणतो, आमच्या भाऊजेच्या हाताला जी चव आहे ती तिच्या भीतीचीच आहे. धीट बायका स्वयंपाक करपवतात नाहीतर कच्चा ठेवतात. माझ्या घरी धीट बायको आहे, मला विचारा.

पण सगळ्या भीत्यांची आई म्हणजे गुरुवारच्या भोगाची भीती. तिची थट्टा मी एकदाच केली, आणि तेच सांगायला बसलोय.

मार्गशीर्षातले गुरुवार आमच्याकडे लक्ष्मीचे. वेताचं माण नव्या भाताच्या दाण्यांनी काठोकाठ भरायचं, तीच लक्ष्मी. पहाटे अंगण सारवून तांदळाच्या पिठाच्या पाण्याने झोटीची रांगोळी काढायची, फाटकापासून माणापर्यंत लक्ष्मीची पावलं उमटवायची. मग खोबरं भरून तळलेला काकरा, वाफवलेला मंडा, अरिसा, खीर, जे काय जमेल त्याचा नैवेद्य, तोच भोग. तो भोग घरातल्यांनीच खायचा. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही, आणि लग्न होऊन गेलेल्या लेकीला तर अजिबात नाही. लेक परक्या घरची झाली. ती भोग खाऊन उंबरा ओलांडते आणि तिच्या मागोमाग लक्ष्मीही निघून जाते. हे सगळीच घरं मानतात. बहुतेक घरांत मानतात आणि थोडी डोळेझाकही करतात. भाऊजेच्या घरात नाही.

कारण नव्याण्णवच्या कार्तिकात समुद्र आमच्या गावात आला होता. त्या वादळात भाऊजेने नवरा आणि सासू दोघं गमावली. स्वतः ती शाळेच्या गच्चीवर होती. नऊ वर्षांचा पवित्र आणि सात वर्षांची इतिश्री, दोघांना पदराने स्वतःच्या कमरेला बांधून. सासूला घेऊन गोलखनाना, म्हणजे तिचा नवरा, मागून यायचे होते, ते आलेच नाहीत. पण घरातून निघताना, पाणी गुडघ्याला लागलेलं असताना, सासूने सुनेचा हात धरला आणि म्हणाली, "निशा, गेल्या मार्गशीर्षात मी शैलला भोग दिला होता गं. लपवून दिला. एकच काकरा."

शैल म्हणजे त्या घरची लग्न झालेली लेक. बस, एवढंच बोलली म्हातारी.

कधीतरी बऱ्याच वर्षांनी भाऊजेने हे माझ्या बायकोला सांगितलं आणि बायकोने मला सांगितलं (तिच्या पोटात काही राहत नाही, आम्ही दोघं एकमेकांना शोभतो). मी भाऊजेला म्हणालो, "मग अख्ख्या एरसमा तालुक्याने त्या साली लेकींना भोग चारला होता काय? हजारो माणसं गेली."

ती म्हणाली, "हजारोंचं मला ठाऊक नाही, गदेई. आमच्या घरचं ठाऊक आहे."

मी पान जमवायला घेतलं.

सहा वर्षांपूर्वी मार्गशीर्षाच्या दुसऱ्या गुरुवारच्या आधी दोन दिवस इतिश्री माहेरी आली. सातवा महिना. नवरा सुरतेला यंत्रमागावर कामाला, सासरी म्हातारी सासू आणि दीर. त्याआधी एकदा चौथ्या महिन्यात तिचा गर्भ पडला होता, म्हणून भाऊजेनेच हट्ट करून बोलावून घेतलं. पोरीचा चेहरा उतरलेला, पाय सुजलेले, पण जीभ अगदी जागेवर. मला कुंपणापाशी बघून म्हणाली, "काय गदेई काका, अजून भोकं तेवढीच आहेत की वाढवलीत?"

घरात आणखी एक बाई होती, पवित्रची बायको रेवती. पवित्र पारादीपच्या एका ट्रॉलरवर कामाला. दहा-बारा दिवस समुद्रात, दोन दिवस घरी. तेव्हा तो पाण्यात होता. रेवती शांत मुलगी, नणंदेला 'इतिनानी' म्हणणारी, कमी बोलणारी. कमी बोलणाऱ्या माणसांची मला जरा धास्तीच वाटते. त्यांच्याबद्दल काय सांगावं तेच कळत नाही.

गुरुवार उजाडला. सकाळपासून तुपाचा वास. खोबरं गुळात परततंय, त्यात मिरपूड, वेलची आणि चिमूटभर कापूर. मग काकरे तळायला पडले. माझ्या पानमळ्यात पानं खुडणारी बाईसुद्धा हात थांबवून म्हणाली, "आज जेनांच्या घरी जन्म घ्यायला हवा होता." आणि इतिश्री ओट्यावर खांबाला टेकून बसली होती. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

भोग दाखवून झाला. रेवती पान घेऊन आत जेवायला बसली. लेकीसाठी भाऊजेने वेगळी खिचडी, भाज्या घातलेला डालमा आणि टोमॅटोची आंबटगोड खट्टी केली होती. ते ताट तिने ओट्यावर आणून ठेवलं.

इतिश्री ताटाकडे बघेना, आईला म्हणाली, "बोऊ, मला काकरा हवाय."

"उद्या करते. ताजे करते."

"उद्याचा नको. हा."

"हा नाही गं देता येत. तुला ठाऊक आहे."

"वीस वर्षं तुझ्याबरोबर तिची पावलं मी काढली या अंगणात. फाटकापासून माणापर्यंत हात धरून तिला घरात मी आणायची. आणि आता मी एक काकरा खाल्ला तर ती निघून जाणार? इतकी कशी गं ती कोत्या मनाची?"

भाऊजेने तिच्या तोंडावर हात ठेवला. "थू थू कर! आधी तोंड धू! रेवती, पाणी आण!"

पोरीने तोंड धुतलं. खिचडी चार घास खाल्ली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही, पण संध्याकाळपर्यंत ती त्या खांबालाच टेकून होती आणि आवंढे गिळत होती. मी कुंपणापासून उठून गेलो.

शुक्रवारी सकाळी भाऊजेने नवे काकरे केले. दुप्पट तूप, दुप्पट खोबरं. इतिश्रीने अर्धा खाल्ला. म्हणाली, "चांगला आहे." आणि उरलेला ताटात ठेवला. आपल्या माणसाने खाणं 'चांगला आहे' म्हणून ठेवलं की काय समजायचं ते बायकांना सांगावं लागत नाही.

दुपारी पोरीच्या पोटात दुखू लागलं.

मीच रिक्षा आणली. रिक्षात भाऊज लेकीचा हात धरून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. मी पुढे बसलो होतो, मागे वळून बघायची छाती झाली नाही. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पोटावर नळी फिरवून बाळाचे ठोके ऐकवले आणि म्हणाल्या, "घाबरण्यासारखं काही नाही. आराम करा, गोळ्या वेळेवर घ्या, पोटभर खा." दुखणंही तोवर थांबलं होतं. मी सुटकेचा श्वास टाकला. भाऊजेने नाही.

परतताना तिने लेकीला विचारलं, "मागच्या खेपेला तुला काय खावंसं वाटलं होतं?"

"कधी?"

"ते गेलं तेव्हा. त्याच्या आधी."

इतिश्रीने पदर सावरला. मग म्हणाली, "शेजारच्या घरी पखाळ आणि भाजलेल्या सुकटीचा वास आला होता. नवी सून मी, मागायची लाज वाटली."

"मग?"

"मग काही नाही. चार दिवसांनी..."

भाऊजेचा चेहरा असा झाला की रिक्षावाल्यानेसुद्धा आरशातून बघितलं. डोहाळे अडवले की बाळ अडतं, हे आमच्याकडे दगडावरची रेघ. आता तिच्या एका हाताला लेक आणि तिच्या पोटातलं, आणि दुसऱ्या हाताला समुद्रातला मुलगा आणि ते घर. एकाला द्यावं तर दुसऱ्याचं जाणार. मी तिची तीस वर्षं थट्टा केली, पण त्या दिवशी तिच्या जागी बसायला मला कुणी अख्खा पानमळा लिहून दिला असता तरी बसलो नसतो.

त्या रात्रीनंतर ती झोपली नाही म्हणतात. शनिवारी, रविवारी मी बघितलं तेव्हा तुळशीच्या चौऱ्यापाशी बसलेली. रेवतीने एवढंच म्हटलं, कुंपणातून मी स्वतः ऐकलं, "बोऊ, तुमच्या मनात काय चाललंय ते मला कळतंय. मी इतिनानीचं वाईट चिंतत नाही. पण माझा माणूस पाण्यात आहे."

भाऊज म्हणाली, "माझापण."

आता माझी अक्कल बघा. बुधवारी संध्याकाळी मी गेलो तिला हसवायला. मला वाटलं, नेहमीसारखी एक शिवी देईल, जरा मोकळी होईल. म्हणालो, "भाऊज, आज काय झालं सांगू? दिवेलागणीला पानमळ्यात एक बाई आली. लाल काठाची साडी, हातात कमळ. मला म्हणाली, बाबा, इथून बाहेर जायची वाट कुठली?"

शिवी आली नाही. भाऊज उठून उभी राहिली. "मग तू काय म्हणालास?"

"अहो, थट्टा..."

"तू काय म्हणालास तिला? वाट दाखवलीस?"

"भाऊज, कुणी आलं नव्हतं. मी आपलं..."

ती माझ्याकडे बघत होती, पण मी तिला दिसत नव्हतो. मी तिथून निघालो. घरी आलो तर बायको म्हणाली, "तुमची जीभ छाटून त्या छपरावर वाळत घालायला हवी, वड्यांच्या शेजारी." जेवण दिलं नाही. बरोबर केलं.

तिसरा गुरुवार. पहाटे मी पानमळ्यात पाणी घालायला गेलो तेव्हा भाऊजेचं अंगण सारवून झालेलं होतं आणि झोटीही काढून झाली होती. ओलसर, पांढरीशुभ्र. मी बघितलं. पुन्हा बघितलं. मग कळशी खाली ठेवली.

पावलं बाहेर जात होती.

माणापासून निघून, ओटा उतरून, अंगण ओलांडून, फाटकातून रस्त्यावर. एकूण एक पाऊल. बोटं रस्त्याकडे, टाचा घराकडे. काय झालं असेल ते मला लगेच समजलं. दरवर्षी ती फाटकापासून सुरुवात करते आणि आत येते. हात जिकडे चालतो तिकडे बोटं काढायची, ही चाळीस वर्षांची सवय. या खेपेला आठवडाभर झोप नाही, डोक्यात माझी ती लाल काठाची बाई. तिने माणापाशी बसून सुरुवात केली आणि काढत काढत बाहेर आली. हाताने आपली सवय सोडली नाही. अख्ख्या बालिसाहीत इतकी सुबक पावलं कुणाला जमत नाहीत, आणि ती सगळी घर सोडून चालली होती.

मी हसलो नाही. ती पुसून टाकावीत म्हणून मी कुंपणाशी आलो तेवढ्यात रेवती बाहेर आली. तिच्या हातातली फुलांची परडी पडली. तिने हाक मारली नाही, ओरडली नाही, सरळ पाण्याची बादली उचलली.

"ठेव ती." भाऊज दारात उभी होती. तिने आत्ताच पाहिलं होतं.

"बोऊ, पुसते. परत काढू. कुणी बघितलं नाही अजून."

"लक्ष्मीची पावलं कुणी पुसतं का?"

"पण उलटी..."

"उलटी नाहीत. जशी गेली तशी उमटली." तिचा आवाज इतका सपाट होता की मला तो ओळखू आला नाही. "काल गदेईला वाट विचारून गेली ती."

मी कुंपणातून ओरडलो, "भाऊज, देवाशप्पथ, मी खोटं बोललो होतो!"

"तू नेहमीच खोटं बोलतोस," ती म्हणाली. "कालच खरं बोललास."

त्या दिवशी तिने सगळं केलं. काकरे तळले, मंडे वाफवले, खीर आटवली, माणापुढे पान मांडलं, पोथी वाचली. भोग दाखवून झाल्यावर एका पानावर पाच काकरे घेऊन ती ओट्यावर आली आणि लेकीपुढे बसली.

"खा."

इतिश्री आईकडे बघत राहिली. "बोऊ?"

"गेलीच आहे ती. आता काय उरलंय राखायला? तू तरी खा. पोटातल्याला मिळू दे."

पोरीने पाचही खाल्ले. रडत खाल्ले, पण शेवटच्याची तुपाळ बोटं चाटली. भाऊज तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी भीती नव्हती. ज्याचं सगळं गेलं त्याला भ्यायला काही राहत नाही. हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं आणि परत बघायची इच्छा नाही. रेवती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिने आपल्या पानातलं काही खाल्लं नाही.

शुक्रवारी समुद्रात कमी दाबाचा पट्टा आला. भोंगे फिरले, सगळ्या बोटी परत या म्हणून. शनिवारी पवित्र घरी यायचा होता. शनिवारी संध्याकाळपर्यंत पारादीपच्या धक्क्यावर सगळ्या बोटी लागल्या, दोन सोडून. त्या दोनांतली एक पवित्रची. त्याचा फोन लागेना. ती फोनमधली बाई एकच वाक्य सांगत राहिली, तिला काय, तिचं कोण होतं पाण्यात.

रविवारी पाऊस आणि वारा. नारळ एकसारखे वाकत होते. माझ्या पानमळ्याच्या एका बाजूचं छप्पर उडालं आणि मला त्याचं काहीसुद्धा वाटलं नाही. भाऊजेच्या घरात चूल पेटली नाही. तिघी बायका तीन कोपऱ्यांत. मी माझ्या बायकोच्या हातचं पखाळ आणि वडीचुरा घेऊन गेलो तर इतिश्री दारातच म्हणाली, "काका, मी खाल्लं म्हणून. हो ना?"

"वेडी आहेस का? वारा आलाय, बोट कुठेतरी आडोशाला गेली असेल."

"वादळ आधी आलं की काकरा आधी?"

मी पखाळाचं भांडं तिच्यापुढे ठेवलं आणि निघालो.

सोमवारी रेवती बोलली. मला वाटलं होतं शिव्या देईल, केस ओढेल, आणि खरं सांगतो, तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती सासूजवळ आली आणि म्हणाली, "बोऊ, थोडं काहीतरी खा." बस. भाऊज तिच्या पायाशी कोसळली. सासू सुनेच्या पायाशी! रेवती तिला उचलायला वाकली आणि दोघी तशाच बसल्या, एकमेकींना धरून, भिजलेल्या कोंबड्यांसारख्या.

मंगळवारी दुपारी फोन वाजला. परका नंबर. पवित्र धामरा बंदरातून बोलत होता. इंजिन बंद पडलं होतं, दुसऱ्या बोटीने दोर बांधून ओढत नेलं. सगळी सुखरूप. "बोऊला सांग, भात टाकून ठेव," म्हणाला. फोन रेवतीने घेतला होता. ती 'हो' म्हणाली आणि फोन हातात तसाच धरून जमिनीवर बसली.

बुधवारी संध्याकाळी पवित्र आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले, पण तोच. त्याने मोहरीतल्या माशाचा रस्सा आणि तीन ताटं भात खाल्ला आणि झोपला. त्याला कुणी काही सांगितलं नाही. मी सांगणार होतो, पण बायकोने डोळे वटारले.

मला वाटलं, संपलं. बोट आली, पोर बरी आहे, आता भाऊज शांत झोपेल. गुरुवारी सकाळी मी मुद्दाम गेलो, या खेपेला काहीतरी गोड बोलायला. बघतो तर पावलं सरळ होती, फाटकापासून माणापर्यंत आत येणारी, एकेक नीट मोजूनमापून काढलेली. आणि भाऊज स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात भोगाचं पान, आणि ते पान असं थरथरत होतं की अरिशावरचे तीळ खाली सांडत होते.

"आता काय झालं, भाऊज? पवित्र आला ना घरी?"

"आला," ती म्हणाली. "म्हणजे ती गेलीच नव्हती, गदेई. इथेच होती. आहे." तिने माणाकडे बघितलं. "त्या दिवशी मी दिलं कारण मला वाटलं सगळं गेलं. आता सगळं आहे. सगळं घरात आहे. मुलगा आत झोपलाय. आणि ती पोर तिकडे ओट्यावर वास घेत बसलीय."

"मग नका देऊ. हा एकच गुरुवार तर राहिलाय."

"तू म्हणतोस नका देऊ. आणि परत दुखलं तर?"

"मग द्या."

"आणि रविवारी तो परत समुद्रावर जाणार आहे, त्याचं काय?"

रेवती मागे उभी होती. तिने पुढे येऊन सासूच्या हातातलं पान सावरलं, काढून घेतलं नाही, फक्त खालून हात लावला, आणि म्हणाली, "द्या, बोऊ. मी सांगते, द्या."

भाऊज लेकीला हात धरून आत घेऊन आली. ओट्यावर नाही, आत, माणाच्या पुढ्यात बसवलं. पान पुढे ठेवलं. मग ती पुढच्या दारात गेली, आमच्याकडे तोंड करून उभी राहिली आणि दोन्ही हात चौकटीच्या दोन्ही बाजूंना घट्ट लावले. पाय उंबऱ्यावर फाकवून. अंगात जेमतेम चाळीस किलो मांस, पण दार भरून गेलं.

"खा," ती म्हणाली. "खाऊन होईपर्यंत इथून कुणी बाहेर जायचं नाही. कुणीच नाही."

"भाऊज, मी बाहेरचा माणूस, मी तर..."

"तू मागच्या दाराला उभा राहा."

"मी?"

"पोरगा झोपलाय, त्याला उठवू नको. रेवती खिडकीला. तू मागे. हात लाव दोन्हीकडे. नीट लाव!"

मी मागच्या दाराला गेलो. हसू येईल म्हणून ओठ आवळून उभा राहिलो आणि हात चौकटीला लावले. इतिश्रीने पहिला काकरा मोडला. आतलं खोबरं आणि कापूर, तो वास सगळ्या घरात पसरला. ती सावकाश खात होती, आईकडे बघत. भाऊजेच्या हाताच्या शिरा दोरासारख्या फुगलेल्या.

तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत उठला आणि माझ्या दोन हातांमधून आत शिरला, की आतून बाहेर गेला, मला कळलं नाही. मी पाय आणखी फाकवले आणि चौकट आणखी घट्ट धरली.

"गदेई," भाऊज पुढच्या दारातून ओरडली, "काही गेलं का रे?"

"नाही!" मी ओरडलो. "काही नाही! खा गं पोरी, लवकर खा!"